थिनर कशात शिरतो? ओ-रिंग, हातमोजे आणि कॅन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात रंग, थिनर आणि चिकटवायची सोल्युशन्स यांच्या कामात माझी वीस वर्षं गेली. काउंटरवर, फोनवर, शिरोलीत एखाद्या फाउंड्रीच्या गेटबाहेर चहा घेताना लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. ओ-रिंग (सांधा गळू नये म्हणून बसवायचं रबरी कडं) का फुगली, ग्लोव्ह का चिकट झाला, कॅनचं पोट आत का गेलं, टोल्युइनऐवजी काय वापरू. वरून हे प्रश्न निरनिराळे दिसतात, पण विचारायचं एकच असतं: हा द्रव त्या वस्तूत शिरेल का? त्याचा चांगला अंदाज विद्राव्यतेच्या, म्हणजे काय कशात विरघळतं ते सांगणाऱ्या, तीन आकड्यांवरून बांधता येतो. आपल्याकडे मात्र अजून नखावर थेंब टाकून आणि वास घेऊन थिनर पारखतात. वास घेणाऱ्यांची फुप्फुसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

हे विद्राव्यतेचे आकडे म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही द्रवाचे रेणू एकमेकांना धरून असतात. द्रवाची वाफ करायची म्हणजे ती पकड सोडवायची. एक घनसेंटिमीटर द्रवाची पकड सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिचं वर्गमूळ काढलं की त्या द्रवाचा आकडा मिळतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांनी १९३०च्या दशकात ही कल्पना मांडली. ज्या दोन पदार्थांची पकड सारखी, ते एकमेकांत सहज मिसळतात. पकडीत फार अंतर असेल तर एक दुसऱ्याला आत घेत नाही.

पण एकच आकडा घेतला की फसगत होते. इथेनॉलचा एकूण आकडा २६.५ आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रवाचा २४.९. पाहायला गेलं तर शेजारी. पण अॅक्रिलिक लोकरीचा धागा गरम डीएमएफमध्ये विरघळतो, आणि इथेनॉलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवला तरी जसाच्या तसा निघतो. म्हणजे पकड किती घट्ट आहे एवढंच पाहून भागत नाही, ती कुठल्या जातीची आहे तेही पाहावं लागतं. चार्ल्स हॅन्सेन यांनी १९६७ साली कोपनहेगनमधल्या आपल्या प्रबंधात या पकडीचे तीन भाग केले, आणि आज सगळं जग तेच वापरतं.

पहिला भाग डी. ही साधी ओढ, सगळ्याच रेणूंत असते. दुसरा पी. ज्या रेणूला धन आणि ऋण अशी टोकं असतात त्याची ही ओढ, एसिटोनमध्ये ती भरपूर. तिसरा एच, म्हणजे हायड्रोजन बंधाची ओढ. पाणी, स्पिरिट, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) यांत तीच जोरदार असते.

रोजच्या सॉल्व्हंटचे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांचे, आकडे सांगा ना.

क्रम डी, पी, एच असा आहे. एकक मेगापास्कलचं वर्गमूळ, तापमान २५ अंश.

हेक्झेन: १४.९, ०, ०
टोल्युइन: १८.०, १.४, २.०
झायलीन: १७.६, १.०, ३.१
एसिटोन: १५.५, १०.४, ७.०
एमईके (मिथाइल इथाइल किटोन): १६.०, ९.०, ५.१
इथाइल अॅसिटेट: १५.८, ५.३, ७.२
ब्यूटाइल अॅसिटेट: १५.८, ३.७, ६.३
आयपीए: १५.८, ६.१, १६.४
इथेनॉल: १५.८, ८.८, १९.४

जुन्या पुस्तकांत हेच आकडे कॅलरीच्या एककात असतात आणि निम्म्याहूनही थोडे लहान दिसतात. एसिटोनसमोर ९.८ दिसलं तर ते जुनं एकक समजा आणि २.०५ ने गुणा. दोन्ही एककं एका कागदावर मिसळली की उत्तर हमखास चुकतं. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यापायी एक अख्खा बॅरल परत घ्यावा लागला आहे.

आकडेमोड करायची कशी? मी बारावी नापास आहे.

चालेल. वजाबाकी, गुणाकार आणि मोबाईलवरचं वर्गमूळाचं बटण एवढंच लागतं. गणपतीच्या मखरातून उरलेलं थर्मोकोल घेऊ. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. प्रचलित नोंदींपैकी एकीत त्याचे आकडे १८.५, ४.५, २.९ असे आहेत. घन पदार्थाला चौथाही आकडा असतो, त्याची त्रिज्या. इथे ती ५.३. तीन आकड्यांनी अवकाशात एक बिंदू ठरतो आणि त्रिज्येनं त्याच्याभोवती एक गोळा. जो सॉल्व्हंट गोळ्याच्या आत, तो विरघळवणार.

आता टोल्युइन. डीमधला फरक ०.५, त्याचा वर्ग ०.२५, आणि डीच्या वर्गाला नेहमी ४ ने गुणायचं, म्हणून १. पीमधला फरक ३.१, वर्ग ९.६१. एचमधला फरक ०.९, वर्ग ०.८१. बेरीज ११.४२, वर्गमूळ ३.४. हे झालं अंतर. त्याला त्रिज्येनं, म्हणजे ५.३ ने भागा: ०.६४. या गुणोत्तराला आरईडी म्हणतात. १ च्या खाली आलं की विरघळणार, १ च्या बराच वर गेलं की नाही. इथेनॉलचं हेच गुणोत्तर ३.४ येतं. करून बघा: थर्मोकोलच्या तुकड्यावर टोल्युइनचा थेंब टाकला की भोक पडतं, इथेनॉलचा टाकला की तो तसाच वाळतो. (प्रयोग उघड्यावर करा, बिडी-काडी लांब ठेवून.)

संत्र्याच्या सालीतलं तेल, म्हणजे लिमोनीन, १७.२, १.८, ४.३ वर आहे. गुणोत्तर ०.७५. साल थर्मोकोलवर पिळली तर खड्डे पडतात ते याचमुळे. घरातल्या पोरांना हा विषय सांगायचा तर मी संत्र्यापासूनच सुरुवात करतो.

एसिटोनचं गुणोत्तर १.७७ येतं. मग थर्मोकोल एसिटोनमध्ये बसतं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी त्याच दिवशी कामावर घ्यायला तयार होतो.

नीट पाहिलं तर एसिटोननं थर्मोकोल विरघळत नाही, ते मऊ पडतं. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते आणि तिच्याभोवती पातळ भिंती. भिंती मऊ झाल्या की हवा निसटते आणि डोंगराएवढं थर्मोकोल मूठभर होतं. भांड्याच्या तळाशी बघा, चिकट पांढरा गोळा उरलेला असतो. टोल्युइनमध्ये असा गोळा राहत नाही, मधासारखं पारदर्शक पाणी होतं.

यातून दोन गोष्टी धरून ठेवा. एक, १ ही रेघ कुंपणासारखी नसते, शेताच्या बांधासारखी असते, अलीकडे-पलीकडे थोडंथोडं होत राहतं. दोन, रेणूचा आकार. एसिटोनचा रेणू लहान, एका मोलला ७४ घनसेंटिमीटर, टोल्युइनचा १०७. लहान रेणू गुणोत्तर वाईट असूनही फटीतून वाट काढतो.

म्हणजे १ च्या वर गेलं की माझा प्लास्टिकचा पार्ट सुरक्षित, असं धरू का?

धरू नका. सगळ्यात जास्त इजा मी याच पट्ट्यात पाहिल्या आहेत.

एका मशीन शॉपमध्ये (नाव सांगत नाही) कॉम्प्रेसरच्या लाईनवर एफआरएल (हवा गाळणारं, दाब नेमणारं आणि तेल देणारं उपकरण) होता. खाली पारदर्शक वाटी, पाणी साठतं ती. वाटी तेलकट झाली म्हणून हेल्परनं ती काढून थिनरच्या फडक्यानं पुसली. काचेसारखी चकचकीत झाली. परत बसवली, सहा बार दाब दिला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला आणि वाटीचे तुकडे समोरच्या लेथपर्यंत गेले. एक तुकडा पोराच्या भुवईवर लागला. अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता.

ती वाटी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. सॉल्व्हंट पूर्ण जुळणारा असता तर वाटी पुसतानाच पांढरी, चिकट झाली असती आणि पोरानं ती फेकून दिली असती. अर्धवट जुळणाऱ्या सॉल्व्हंटनं वरून दिसत काहीच नाही. तो वरच्या थरात शिरतो, प्लास्टिकच्या लांब रेणूंची, म्हणजे साखळ्यांची, पकड सैल करतो आणि आत आधीच ताण असेल तर केसासारख्या चिरा पडायला लागतात. बाकीचं काम दाब करतो. काही सिंथेटिक कॉम्प्रेसर ऑइलही हेच करतात, विशेषतः एस्टर जातीची. म्हणून अशी वाटी कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनीच धुवायची, आणि तिच्यावर पत्र्याचं कवच असल्याशिवाय बसवायची नाही. जिथे सॉल्व्हंटची वाफ आहे तिथे सरळ धातूची वाटी घ्या.

अॅक्रिलिकचे गार्ड, एबीएस प्लास्टिकची कव्हरं, मशीनची पारदर्शक खिडकी यांनाही हेच लागू. माझा स्वतःचा नियम असा: वस्तूवर दाब, वाक किंवा आवळलेला बोल्ट असेल तर गुणोत्तर २ च्या खाली आलेला प्रत्येक सॉल्व्हंट संशयित धरायचा.

स्प्रे पंपाची ओ-रिंग दर महिन्याला फुगते. कुठली टाकू?

आधी त्यातून काय जातं ते सांगा, मग ओ-रिंग. दुकानात “चांगल्यातली द्या” म्हणून मागितली तर महागातली मिळते, योग्य मिळेलच असं नाही.

नायट्राईल रबर हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल यांना उत्तम, कारण त्याच्यात पी बऱ्यापैकी आहे आणि तेलात जवळजवळ नाही. हाच पी त्याला एसिटोन आणि एमईकेच्या जवळ नेतो, तिथे ते फुगून बसतं. ईपीडीएम हे रबर बरोबर उलटं: एसिटोन, स्पिरिट, ब्रेक ऑइल यांत टिकतं आणि साध्या मशीन ऑइलमध्ये पावासारखं फुगतं. व्हायटॉन हे रबर टोल्युइन-झायलीनला चांगलं, पण किटोन (एसिटोन, एमईके) आणि अॅसिटेट त्याचे वैरी. “व्हायटॉन सगळ्याला चालतं” ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिच्यात लोकांचे पैसे बुडतात. थिनरमध्ये टोल्युइन, एसिटोन आणि अॅसिटेट तिन्ही असतील तर यातलं एकही रबर धड टिकत नाही. तिथे पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, किंवा टेफ्लॉनचं आवरण असलेली रिंग.

माझ्याकडे रबराचे आकडे नाहीत. घरच्या घरी तपासता येईल का?

येईल, आणि मला तर तेच जास्त पटतं. रबरात कार्बन ब्लॅक, तेल, भराव काय आणि किती आहे हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. पुस्तकातला आकडा शुद्ध रबराचा असतो.

अशा एका नायट्राईल रिंगचं वजन मी गुजरीत एका सराफाच्या काट्यावर केलं होतं, कारण मला दहा मिलिग्रॅमपर्यंतचा काटा हवा होता. १.८४ ग्रॅम भरली. झाकणाच्या बाटलीत थिनर घालून तीत २४ तास ठेवली. बाहेर काढून टिपकागदानं वरचा ओलावा टिपला आणि लगेच तोलली: २.६१. वजन ४२ टक्के वाढलं. थिनर रबरापेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाची वाढ त्याहून मोठी, साधारण ६० टक्के. खाचेत बसलेल्या रिंगला एवढं फुगायला जागाच नसते, मग ती खाचेच्या कडेवर कातरली जाते. पंपातून निघणारे काळे कण तेच.

पुढचा भाग लोक करत नाहीत. ती रिंग दोन दिवस उघड्यावर वाळू दिली आणि पुन्हा तोलली. १.७१. मूळ वजनापेक्षा कमी! रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेल थिनरनं धुऊन नेलं होतं. रिंग हातात घेतली तर कडक लागत होती, वाकवली तर भेगा दिसत होत्या. म्हणून सुट्टीच्या दिवशी पंप रिकामा ठेवला की सोमवारी गळतो. थिनरमध्ये फुगून जी कशीबशी अडवत होती, ती वाळून आकसलेली असते.

निळे नायट्राईल ग्लोव्हज घातले की हात सुरक्षित ना?

कशापासून, ते आधी विचारा. ग्लोव्ह म्हणजे ओ-रिंगचंच रबर, फक्त कागदाएवढं पातळ. भोक नसलेल्या ग्लोव्हमधूनही सॉल्व्हंट जातो. बाहेरच्या बाजूला विरघळतो, आतून सरकतो आणि हाताच्या बाजूला बाहेर पडतो.

पातळ नायट्राईल हेक्झेन, पेट्रोल, तेल यांना ठीक. एसिटोनला नाही. रंग काढायच्या पेंट रिमूव्हरमध्ये पुष्कळदा डायक्लोरोमिथेन असतं आणि ते पातळ नायट्राईलमधून काही मिनिटांतच पार होतं. तेच डायक्लोरोमिथेन शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. एसिटोन, एमईके यांना जाड ब्यूटाइल रबराचे ग्लोव्हज. पण ब्यूटाइल टोल्युइनला निकामी. टोल्युइनला पीव्हीए (पॉलिव्हायनाइल अल्कोहोल) ग्लोव्हज छान, पण ते पाण्यात विरघळतात, घामानं आणि पावसानं खराब होतात. पांढरे रबरी ग्लोव्हज तेल आणि टोल्युइन या दोघांसाठीही घालू नका.

१९९६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब पडले. ग्लोव्ह लॅटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) होता, फाटलेला नव्हता, आणि त्या काळच्या शिकवणीप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नंतर तपासलं तेव्हा कळलं की ते द्रव्य अशा ग्लोव्हमधून पंधरा सेकंदांच्या आत पार होतं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. आपल्या शॉपमध्ये डायमिथाइल मर्क्युरी येणार नाही हे मला माहीत आहे. पण “ग्लोव्ह घातलाय” एवढ्यावर समाधान मानणारा माणूस दिसला की मला ही हकिगत आठवते.

खरेदी करताना पाकिटावर ईएन ३७४ (रसायनांपासून वाचवणाऱ्या ग्लोव्हजचं युरोपीय मानक) ची खूण पाहा आणि तुमच्या नेमक्या रसायनासाठी भेदन-वेळ, म्हणजे ते पार व्हायला लागणारा वेळ, किती ते विचारा. पातळी १ म्हणजे १० मिनिटांहून जास्त, पातळी ६ म्हणजे ४८० मिनिटांहून जास्त. मिश्रणाची वेळ त्यातल्या सगळ्यात लवकर शिरणाऱ्या घटकाइतकीच धरा.

चपलेच्या सोल्युशनमध्ये टोल्युइन नको म्हणतात. बदली काय?

इथे सावकाश वाचा. हा प्रश्न विचारणारी बहुतेक माणसं बारा बाय बाराच्या खोलीत, खिडकी लावून, घरातल्या बायका-पोरांसकट काम करतात.

पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवण घालतात. पण आता थर चिकटवायला, स्वस्त मालाला रबरी सोल लावायला सोल्युशन वापरतात आणि त्यात बहुतेक भाग सॉल्व्हंटच असतो. रबर विरघळवायला कमी पी, कमी एच असलेला द्रव लागतो. तिथे हेक्झेन बसतं, म्हणून टोल्युइन काढून हेक्झेन घातलं जातं. गणित जुळलं. माणसाचं मात्र जुळलं नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांच्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा, मग ताकद गेली. कारण हेक्झेन. शरीरात त्याचं २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते नसांचा नाश करतं. इस्तंबूलमध्ये १९७०च्या दशकात चपला-बूट करणाऱ्यांत ल्युकेमिया दिसला, तिथे चिकटद्रव्यात बेंझीन होतं.

हे तीन आकडे कशात काय मिसळेल ते सांगतात, विष आहे की नाही ते सांगत नाहीत. पण त्यांचा खरा उपयोगही इथेच आहे. हेप्टेनचे आकडे १५.३, ०, ०, म्हणजे हेक्झेनला खेटून. रबर त्यातही विरघळतं, आणि नसांवर घाला घालणारं ते द्रव्य हेप्टेनपासून त्या प्रमाणात तयार होत नाही. मिथाइलसायक्लोहेक्झेन, १६.०, ०, १.०, हाही चांगला पर्याय. आकड्यांवरून जवळची पाच नावं काढायची, मग त्या पाचांतून सगळ्यात कमी घातक निवडायचं, असा क्रम ठेवा.

आणि हेक्झेनच्या सोल्युशनमध्ये पातळ करायला एमईके ओतू नका. एमईके एकट्यानं नसा मारत नाही, पण हेक्झेनचा मारा वाढवतो.

दोन सॉल्व्हंट वेगवेगळे चालत नाहीत, एकत्र केले की चालतात. भेसळ आहे का?

नाही, भूमिती आहे. मिश्रणाचे आकडे म्हणजे घटकांच्या आकारमानानुसार सरासरी. थर्मोकोलसाठी सायक्लोहेक्झेनचं (१६.८, ०, ०.२) गुणोत्तर १.१८, एसिटोनचं १.७७. दोघंही गोळ्याच्या बाहेर, पण समोरासमोरच्या बाजूंना. निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण १६.१५, ५.२, ३.६ वर येतं आणि गुणोत्तर ०.९१ होतं. गोळ्याच्या आत!

उलटंही घडतं. थिनरमधला एसिटोन आधी उडतो आणि मागे उरलेलं मिश्रण गोळ्याबाहेर सरकतं. मग रंगाचा थर दाणेदार होतो. आषाढात आपल्याकडे लॅकर पांढरं पडतं त्याचं कारण मात्र बव्हंशी वेगळं आहे: भराभर उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. त्याला उपाय म्हणजे सावकाश उडणारा सॉल्व्हंट थोडा मिसळणं, जास्त थिनर ओतणं नव्हे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुन्या गाडीची नळी खरंच खराब होते का?

आपल्या जिल्ह्याच्या उसातूनच ते इथेनॉल येतं, त्यामुळे हा प्रश्न जरा आपुलकीनं आणि जरा रागानं विचारला जातो. वरचीच भूमिती लावा. नुसतं पेट्रोल नायट्राईल रबराच्या एका बाजूला लांब, नुसतं इथेनॉल दुसऱ्या बाजूला लांब. मधलं मिश्रण रबराच्या जवळून जातं, म्हणून मिश्रणात नळी दोन्हींपेक्षा जास्त फुगू शकते. नव्या गाड्यांत त्यासाठी योग्य रबर असतं. जुनी मोटरसायकल, फवारणी पंप, पॉवर टिलर यांची नळी आणि कार्ब्युरेटरचा पडदा बदलताना इथेनॉलला चालणारं रबर मागून घ्या, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा.

थिनर प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवला तर?

टोल्युइन किंवा हेक्झेन असलेला नको. पांढऱ्या एचडीपीई (पॉलिथिनची एक जात) कॅनचे आकडे त्यांच्या जवळ आहेत. प्लास्टिक स्फटिकासारखं बांधलेलं असल्यानं ते विरघळत नाही, पण भिंतीतून वाफ सावकाश बाहेर जात राहते. कॅन मऊ पडतो, आत पोकळी होते आणि पोट आत ओढलं जातं. तो कॅन तोलून बघा, बूच न उघडताही वजन घटलेलं असेल. ती घट तुमच्या गोडाऊनच्या हवेत आहे. पत्र्याचा डबा वापरा आणि ओतताना दोन्ही डबे तारेनं जोडा, कारण टोल्युइन-हेक्झेन ओतताना स्थिर वीज साठते.

हे गणित कुठे चालत नाही?

जिथे रासायनिक क्रिया होते तिथे. हुपरीत चांदीच्या कामाला नायट्रिक अॅसिड लागतं, त्याला कुठलं प्लास्टिक चालेल ते या आकड्यांनी ठरवू नका. कॉस्टिकचंही तेच. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात स्पिरिट आकड्यांनी मिसळतं, पण हार्डनर त्याच्याशीच क्रिया करून बसतो आणि थर चिकट राहतो. पाण्याचे आकडे (१५.५, १६.०, ४२.३) तर जपूनच वापरावेत, पाणी मिश्रणात आपलं वागणं बदलतं.

आणि आग. आकडे सारखे असले तरी ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेते ते वेगळं असतं: एसिटोन उणे २० अंश, टोल्युइन ४, आयपीए १२. फाउंड्रीत मोल्डला लावायचं अल्कोहोलचं कोटिंग पेटवूनच वाळवतात, त्यामुळे त्याचा डबा उघडा ठेवून शेजारी काडी ओढणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

डब्यावर नुसतं “थिनर” लिहिलंय. आकडे कुठून आणू?

विकणाऱ्याकडून सेफ्टी डेटा शीट मागा. तिच्या तिसऱ्या भागात घटक आणि त्यांचं प्रमाण असतं. त्यावरून सरासरी काढता येते. जो शीट द्यायला टाळाटाळ करतो, त्याचा माल मी घेत नाही. एकाच नावाच्या दोन डब्यांत निम्मं रसायन वेगळं निघालेलं मी पाहिलं आहे.

संध्याकाळी पोरं थिनरनं हात धुतात. एवढ्यानं काय होतं?

कातडीच्या वरच्या थरात चरबी असते आणि तिचे आकडे टोल्युइनपासून फार लांब नाहीत. रंगाबरोबर तीही जाते. म्हणून हात पांढरे, भेगाळलेले दिसतात, आणि उद्याचा थिनर त्याच भेगांतून आत जातो. खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, रंग सुटायला पाच मिनिटं द्या, मग साबण. एक वाटी तेल शॉपच्या बेसिनवर ठेवायला मालकाला काय लागतं?

ग्लोव्ह फाटला नाही, फुगलाही नाही, पण आत बोटं गार लागतात.

काम थांबवा आणि ग्लोव्ह काढा. सॉल्व्हंट पार होऊन तुमच्या कातडीवरून उडतो आहे, गारवा त्याचाच. हात साबणानं धुवा, ती जोडी पुन्हा घालू नका, आणि घातल्यापासून गार लागेपर्यंत किती मिनिटं झाली ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. त्या थिनरला तो ग्लोव्ह तेवढी मिनिटंसुद्धा पुरत नाही, हे पुढच्या पाळीतल्या माणसाला कळलं पाहिजे.